जनूआबांच्या तीन फेऱ्या

जनूआबा पाटलांकडे काम घेऊन गेलं तर बसायला मिळत नसे. ओटीवर बाक होता, पण त्यावर कायम नारळांचा ढीग असे. आलेल्या माणसाला आबा सरळ वाडीत नेत, राहाटाशी उभं करत आणि म्हणत, "हं, आता फेरीत बोला."

फेरीत म्हणजे खरोखरच फेरीत. हौशा नावाचा त्यांचा बैल राहाटाभोवती गोल फिरे. त्याच्यामागे हातात बारीक काठी घेऊन आबा, आणि आबांच्या शेजारून तक्रारदार. तीन फेऱ्यांत तक्रार संपली पाहिजे, हा नियम. पहिल्या फेरीत नाव-गाव, दुसरीत दुखणं आणि तिसरीत बोर्डानं काय करावं ते. हौशाला हा नियम इतका अंगवळणी पडला होता, की एरवी तो तासभर न थांबता पाणी काढी; पण आबांच्या शेजारून दुसरं माणूस चालू लागलं, की तीन फेऱ्या झाल्याबरोबर आपणहून उभा राही. मी शिकवलेल्या कितीतरी मुलांना इतका हिशेब कधी जमला नाही.

आबा गिरीजचे. केळी, पानवेली आणि नारळ अशी त्यांची वाडी. स्वातंत्र्याच्या थोडं आधी ते आमच्या उत्तरेकडच्या गावांतर्फे जिल्ह्याच्या लोकल बोर्डावर निवडून आले आणि मग येतच राहिले. मी गिरीजच्या बोर्डाच्या शाळेत हेडमास्तर होतो. राहायला जवळच्या होळी नावाच्या वस्तीत. शाळेच्या छपराचा मधला वासा वाळवीनं खाल्ला होता, त्या कामासाठी मी आबांकडे पहिल्यांदा गेलो. अंगात कोट, काखेत छत्री, पायांत नवे पंपशू. मेंबरांना भेटायचं म्हणून घरून भाषणच तयार करून नेलं होतं.

मी सुरुवात केली ती शिक्षणाच्या महत्त्वापासून. पंपशू पाटाच्या चिखलात रुतत होते, राहाट कुरकुरत होता, गाडगी एकामागून एक पन्हळीत रिकामी होत होती. मी राष्ट्राच्या भावी आधारस्तंभांपर्यंत आलो आणि हौशा थांबला.

"झालं," आबा म्हणाले. "वासा राहिला, मास्तर. उद्या या."

त्या संध्याकाळी मी घरच्या तुळशीभोवती फिरून सराव केला. बायकोनं विचारलं, "कसला नवस बोललात?" दुसऱ्या दिवशी मात्र धडाधड सांगून टाकलं. शाळा गिरीजची, मधला वासा पोकळ, पोरांच्या डोक्यावर यायचा, नवा द्या. दोन फेऱ्यांत काम उरकलं. आता तिसऱ्या फेरीत काय बोलायचं? आम्ही दोघं मुकाट्यानं बैलामागून चाललो होतो. अर्ध्यावर आल्यावर आबा म्हणाले, "फेरी उरली तर घरचं सांगावं. वाया घालवू नये."

मी थोरल्या मुलीचा खोकला सांगितला. पंधरवड्यात वासा आला. त्याआधी आबांकडून अडुळशाचा पाला आला होता.

पुढे आबांचे अर्ज मीच लिहू लागलो. प्रत्येक अर्जाचे परिच्छेद तीन. चौथा लिहिला की आबा तो न वाचताच खोडत.

अर्नाळ्याच्या एका कोळणीचं उदाहरण ते सगळ्यांना देत. ती डोक्यावरची टोपलीही न उतरवता आबांबरोबर चालली आणि म्हणाली, "आबा, आमच्या हिरीचं पानी खारं झालंय. दुसरी हीर पायजे. जागा आमी दाखवतो." एवढं बोलून ती एका फेरीतच बाहेर पडली. हौशा गोंधळून मागं बघत राहिला. विहीर मंजूर झाली, पाणी गोडं लागलं, आणि नंतर कितीतरी दिवस आबांच्या घरी तिनं पाठवलेल्या बोंबलांचा वास येत होता. आबा माळकरी. ती भेट त्यांनी कुणाला दिली हे मी सांगत नाही, कारण ती मला दिली होती.

उलट एकदा खुद्द मामलेदार आले. त्यांचं प्रास्ताविक चाललेलं असतानाच हौशा उभा राहिला. मामलेदार म्हणाले, "बैल हाका की." आबांनी हात जोडले. "रावसाहेब, चौथी फेरी मी कुणालाच दिली नाही. आता दिली तर बैल माझं ऐकायचा नाही."

ठाण्याला बोर्डाच्या सभेत आबांची पंचाईत होई. बसून त्यांना सुचतच नसे. बोलायला उठले की ते त्या लांबलचक टेबलाभोवती चालू लागत आणि बाकीचे मेंबर माना फिरवून फिरवून बेजार होत. अध्यक्षांनी एकदा बजावलं, "पाटील, जागेवर उभं राहून बोला." आबा म्हणाले, "तिसरीच फेरी आहे, साहेब. संपलंच." अशाच एका सभेत त्यांनी वाड्यांपासून स्टेशनापर्यंतचा पक्का रस्ता मंजूर करून घेतला. आमच्या भागातलं पान आगगाडीनं उत्तरेकडे जातं. वेलीवरून काढलेलं पान लगेच करंड्यांत भरून त्या दिवशीच्या डब्यात चढवावं लागतं. कच्च्या रस्त्यात बैलगाड्या रुतत आणि डबा निघून जाई. रस्ता झाला, गाड्या वेळेवर पोचू लागल्या. आबांना त्या रस्त्याचं फार कौतुक होतं. वाटेत खडी उखडलेली दिसली, तर ते पायानं दाबत दाबत पुढं जात.

याच रस्त्यानं त्यांना पाडलं.

पुढच्याच निवडणुकीत त्यांच्यासमोर विरारकडचे एक वकील उभे होते. व्याख्यान फर्डं, आवाज खणखणीत. आबांनी एकही सभा घेतली नाही. "लोकांना मी माहीत आहे, मला लोक माहीत आहेत," एवढंच म्हणाले. मतदानाच्या सकाळी मी त्यांच्याकडेच होतो. वाडीवाले दहा-बारा जण दाराशी आले. त्यांच्यातला एक म्हणाला, "आबा, पानं काढून झाली. डबा दुपारचा हाय. आधी मत टाकू का आधी पानं पोचवू?"

मी खुणा करत होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पान सुकलं तर उद्या घेईल कोण?" ते म्हणाले. "आधी पानं. मत काय, संध्याकाळपर्यंत आहे."

हाच निरोप गावोगाव गेला. आगाशीपासून गिरीजपर्यंतच्या वाड्यांमधली बाप्ये मंडळी गाड्या जुंपून आबांच्याच पक्क्या रस्त्यानं स्टेशनावर गेली. बायका करंड्या भरत राहिल्या, कारण दुसरी खेप लगेच जायची होती. आणि सगळ्यांच्या मनात एकच, की आबा काय, येणारच. नेमका त्या दिवशी डबा लागायला उशीर झाला. करंड्या सोडून येणार कोण? गाड्या परतल्या तेव्हा मतपेट्यांना लाखही लागली होती. आबा थोडक्या मतांनी पडले.

लोक रडकुंडीला येऊन माफी मागायला आले. आबांनी एकच विचारलं, "डबा मिळाला ना? मग झालं तर." मला त्यांचा राग आला होता. माणसानं इतकंही शहाणं असू नये, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या मुलीला अडुळसा पाठवला, तेव्हा बरं शहाणपण चाललं."

मग लोक विरारला वकीलसाहेबांकडे जाऊ लागले. त्यात कुणाची चूक नव्हती. काम जिथं होतं तिथंच माणूस जाणार. वकीलसाहेबांकडे बसायला खुर्च्या होत्या. मीही शाळेच्या कुंपणासाठी तिकडेच गेलो, खुर्चीत बसलो, आणि कुठून सुरुवात करावी हे मला पाच मिनिटं सुचलं नाही.

वर्षभरानं आबांच्या मुलानं वाडीत तेलाचं इंजिन बसवलं. राहाटाची माळ उतरवली, गाडगी गोठ्यामागं रचून ठेवली. मला वाटलं, आता हौशाही सुटला. एक दिवस शाळा सुटल्यावर सहज तिकडून चाललो होतो, तर ओटीवरून काकूंनी, आबांच्या मंडळींनी, हाक मारली. बाकावर एकही नारळ नव्हता. बाक पुसून लख्ख केलेला होता.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "काहीतरी काम सांगा हो त्यांना. रोज या वेळेला तिकडं जातात. कुणी येईलसं वाटतं त्यांना."

मी वाडीत गेलो. इंजिन बंद होतं. राहाटाला हौशा जुंपलेला होता, आणि आबा काठी घेऊन त्याच्यामागून चालत होते. गाडगी नाहीत, पाणी नाही, नुसतं लाकूड कुरकुरत होतं.

मला पाहून ते ओशाळले. "बसून राहिला तर पाय धरतात त्याचे," ते म्हणाले. "म्हणून थोडा फिरवतो."

शाळेचा वासा भक्कम होता, कुंपण झालं होतं. माझ्याकडे तक्रार अशी काही नव्हती. तरी मी चपला काढून रिंगणात शिरलो.

"शाळेच्या घंटेला तडा गेलाय, आबा."

"मी आता बोर्डात नाही, मास्तर."

"ठाऊक आहे. पण ऐकून तर घ्याल?"

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्यासाठी आतली, कोरडी बाजू सोडली. पहिल्या फेरीत मी नाव-गाव सांगितलं, नियमाप्रमाणे. दुसरीत घंटा सांगितली. तडा कुठून कुठपर्यंत गेलाय, हे आबांनी बारकाईनं विचारून घेतलं, आणि मी मनाला येईल तसं सांगत गेलो. तिसरीत घरचं काढलं. थोरली आगाशीला दिलीय, तिचा खोकला गेला तो गेलाच, आता तिला मुलगी झालीय.

"नाव कय ठेवलं?" आबांनी विचारलं. माझ्याशी ते नेहमी मेंबरांच्या भाषेत बोलत. घरचं बोलणं त्यांनी माझ्यापुढे पहिल्यांदाच काढलं.

मी सांगणार तोच तिसरी फेरी पुरी झाली आणि हौशा उभा राहिला. मी सवयीनं बाजूला होऊ लागलो. आबांनी माझा दंड धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"चल रे, हौशा. मास्तरांचं अजून व्हायचं हाय."