ऑर्विल टिबेट्सचं न दिलेलं मत

शाळा कुठे बांधायची, हे ठरवायच्या सभेला निघताना ऑर्विल टिबेट्सला दिसलं, की आपल्या एकुलत्या एक चांगल्या विजारीला बटणच उरलेलं नाही. विजार तोलणारे खांद्यावरचे पट्टे आता अडकवायचे कशात?

"हेट्टी! डेल्फी! बटणं कुठायत?"

"भिंगरीला घेतली, बाबा," धाकटी डेल्फी म्हणाली. "दोऱ्यात ओवून ओढलं की कसली घूंऽऽ करतात!"

"आण इकडे सगळी!"

"दोरा तुटला ना. गवतात उडाली."

नेब्रास्काच्या त्या माळावर गवत पुरुषभर उंच. कामाची विजार दोरीवर ठिबकत होती. बायको लव्हिना पाव घेऊन सभेला पुढे गेलेली, आणि घरातली सुई शेजारणीकडे. ऑर्विलनं कमरेला सुतळी आवळली, वर कोट चढवला.

सभेपाशी गाडीतून उडी मारली आणि सुतळी तुटली. दोन्ही हातांनी कंबर धरून तो कसाबसा मागच्या बाकावर टेकला.

शाळा ओढ्यापलीकडे गेली, तर पूर आला की पोरी घरीच. अध्यक्ष सोडून सहा जण अलीकडचे, सहा पलीकडचे, तेरावा ऑर्विल. पण मागे एका सभेत कुणीतरी दोन्ही हात वर केल्यापासून, उभं राहिल्याशिवाय मत धरत नसत.

"अलीकडे हवी त्यांनी उठा!" अध्यक्ष प्रुइट म्हणाले.

सहा जण उठले. लव्हिनानं वळून नवऱ्याकडे असे डोळे वटारले, की तो बाकाला हात टेकून अर्धा उठला. विजार खाली निघाली. तो मटकन बसला.

"ऑर्विल, तुमचं काय?"

"माझं... राहू द्या."

पलीकडचेही सहाच उठले, बरोबरी झाली. अशा वेळी निकाल अध्यक्षांच्या मतावर; प्रुइट पलीकडचे, त्यांनी आपलं मत पलीकडे टाकलं. ऑर्विलला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात प्रुइटांना गहिवरून आलं. "स्वतःच्या पोरींचं नुकसान सोसून यानं भांडण मिटवलं! शाळेचा प्रमुख असाच हवा!"

"नको हो! मी नालायक आहे!"

"बघा, किती विनय!"

दोघांनी दंडाला धरून त्याला पुढे नेलं.

"डावा हात बायबलवर, उजवा वर."

शपथेच्या चौथ्या शब्दाला विजार घोट्यांशी पोचली. बायका छताकडे बघू लागल्या. ऑर्विलनं डोळे मिटून शपथ पुरी केली. थांबून तरी काय वाचणार होतं?

परतताना लव्हिनानं गाडीचे लगाम स्वतःच हातात घेतले. मग म्हणाली,

"अहो, पडायचीच होती, तर मताच्या वेळी पडू द्यायचीत. शाळा तरी आपल्या काठाला आली असती."