सातव्या मजल्यावरचं तत्त्वज्ञान

एडिंबराच्या जुन्या उंच इमारतींत सांडपाणी खिडकीतून खाली ओतायची वहिवाट होती. ओतण्याआधी ‘गार्डीलू’ अशी आरोळी ठोकायची, एवढंच सभ्यतेचं बंधन. आरोळी ऐकली की खालच्याने पळायचं. पण एल्स्पेथ टलक पळणार कुठे? जिन्याच्या तोंडाशीच तिचं ओटच्या भाकऱ्यांचं दुकान होतं, आणि नवरा गेल्यापासून तिचं पोट त्या दुकानावरच होतं. भिजलेली भाकरी कोण विकत घेणार?

तिने नगरपालिकेकडे तक्रार केली. पालिकेने समिती नेमली आणि समितीने प्रकरण प्रोफेसर ल्युडोविक बेअर्ड यांच्याकडे सोपवलं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हा त्यांचा सिद्धांत. राहायला ते त्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर.

“सगळ्या बिऱ्हाडांनी बादल्या घेऊन जिने उतरायचे म्हणजे केवढं दुःख,” प्रोफेसर म्हणाले. “आणि भिजतं कोण, बाई?”

“मी.”

“म्हणजे एकच जण.” त्यांना फार बरं वाटलं.

“अहो, येणारेजाणारेही भिजतात की!”

“एका वेळी एकच ना?”

अहवाल मंजूर झाला. आरोळीने बहुसंख्यांची झोपमोड होते, म्हणून आरोळी बंद झाली. मागच्या गल्लीतल्या लोकांनाही पुढच्या खिडक्या वापरायची मुभा मिळाली, कारण त्यामुळे सुखी लोकांची संख्या वाढत होती. एल्स्पेथच्या भाकऱ्या आता कुत्रीही हुंगेनात.

मग एका रविवारी नवा कोट घालून चर्चला निघालेले प्रोफेसर जिन्याबाहेर पाऊल टाकतात न टाकतात तोच नखशिखान्त न्हाले. एल्स्पेथने गुमान फडकं पुढे केलं.

“किती जण भिजले, साहेब?”

“एकच,” प्रोफेसर चेहरा पुसत म्हणाले. “पण सुशिक्षित.”

आठवडाभरात त्यांनी नव्या वस्तीत स्वतंत्र घर घेतलं. जाता जाता समितीला शेवटची शिफारस केली: ‘सदर इमारतीत दुःखी इसम एकच आहे. त्यास वरच्या मजल्यावर हलवल्यास दुःखाचे समूळ निर्मूलन होईल.’ अशा रीतीने प्रोफेसरांची खोली एल्स्पेथला मिळाली. खालचं दुकान तिने उत्तरेच्या डोंगरांतून नुकत्याच आलेल्या मोराग नावाच्या विधवेला भाड्याने दिलं. खिडक्यांबद्दल मात्र ती काही बोलली नाही. भाडेकरू पळाला असता.

पहिल्या सकाळी ती भरलेली बादली घेऊन जिना उतरू लागली. खरंच उतरू लागली. पण जिना अंधारा, बादली जड, आणि गुडघे पहिल्याच वळणावर कुरकुरले. ती परत फिरली आणि खिडकीशी आली. खालून भाजणाऱ्या भाकऱ्यांचा खरपूस वास येत होता.

“एकटीच तर आहे,” असं स्वतःशी पुटपुटत तिने बादली कलती केली.

खाली वाकून काही तिने पाहिलं नाही. आपल्या गॅलरीतून आपण तरी कुठे पाहतो?