बेचिराख गावातला भात

कोर्टाचं काम कसं चालतं हे कुरखेडा तालुक्यात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं मी गेल्या एप्रिलपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. सांगणारच! वडशाच्या नाटक कंपनीत मी एकोणीस हिवाळे न्यायाधीश झालो आहे. माझा हातोडा पडला की मंडपातली दोन हजार माणसं चिडीचूप! फाशी मी दिली, निर्दोष मी सोडले, आणि एकदा खलनायक पिऊन पडद्यामागे झोपला तेव्हा त्याच्या गैरहजेरीत निकालसुद्धा लावला!

म्हणून माझी धाकटी बहीण सत्यशीला डोळे पुसत घरी आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "तू काई घाबरू नको. कोर्टाचं मी पाहतो."

सत्यशीला हिरडटोल्याला दिलेली. पंचवीस घरं आणि चारही बाजूंनी जंगल, एवढंच ते गाव. तिथली अंगणवाडी ती चालवायची. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये एक साहेब सकाळी साडेसातला चौकशीला आले. दिवस मोहफुलांचे! त्या महिनाभर हिरडटोला पहाटेच झाडांखाली असतो, तान्ह्या लेकरांसकट; अंगणवाडी उघडायची नऊला. साहेबांनी पंचवीस कुलपं मोजली आणि पंचनाम्यात लिहिलं, 'गाव बेचिराख'. म्हणजे जिथे दिवा लावायलाही कोणी उरलं नाही असं गाव. आणि जिथे माणूसच नाही तिथे अंगणवाडी कशाला? महिनाभरात तिला सील लागलं.

"नोकरीचं जाऊ दे, भाऊ," सत्यशीला म्हणाली. "चौदा लेकरं हायेत. माय जंगलात गेली तरी लेकरू माह्याजवळ राहे. आता ते बी मायच्या मागं मोहाखाली जाते. अन् तिथी वाघ फिरून राह्यला. एखाद्या दिवशी चौदातलं एक कमी भरलं तं मी कोनाले सांगू?"

यावर मी काही विनोद केला नाही. सरळ नागपूर गाठलं.

हायकोर्टातले आमचे वकील गुणवंतराव. त्यांना मी माझी योजना सांगितली. दोन टेम्पो भरून सगळं गाव आणायचं, एकेकाला पिंजऱ्यात उभं करायचं, आणि शेवटी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुकरीआजीने पदर पसरून टाहो फोडायचा!

गुणवंतरावांनी चष्मा काढला. "देवरावजी, ही रिट याचिका हाय. खुनाचा खटला नाई. हायकोर्टात अशा कामात साक्षीदार नसते, पिंजरा नसते. सरकारचं शपथपत्र, आपलं शपथपत्र. जजसाहेब कागद वाचतात."

"अन् हातोडा?"

"हातोडा बी नसते."

माझा अर्धा जीव तिथेच गेला!

सुनावणी चार मिनिटं चालली. चार मिनिटं! एवढ्यात आमच्या नाटकात न्यायाधीश नुसता खुर्चीपर्यंत पोचतो. सरकारी वकिलाने पंचनामा दाखवला, गुणवंतरावांनी मतदार यादी दाखवली. दोन जजसाहेब एकमेकांकडे झुकले. मग त्यातले एक म्हणाले, "एक कागद म्हणतो गाव आहे, दुसरा म्हणतो नाही. आम्ही इथे बसून कसं सांगणार? कोणीतरी जाऊन पाहून या." आणि त्यांनी दिव्यानी नावाच्या तरुण वकीलबाईंना कोर्ट कमिशनर नेमलं. त्यांनी हिरडटोल्यात जायचं, माणसं मोजायची आणि अहवाल द्यायचा.

तारीख पडली एप्रिलची. म्हणजे पुन्हा मोहफुलं! पण या वेळी मी होतो ना! आदल्या दिवशी मी गावाची बैठक घेतली. सुकरीआजी उठून उभी राहिली. ती म्हणाली, "पायटे मोहा वेचू, आठाले वापस येऊ. मंग एक मानूस हालनार नाई." मी फर्मान काढलं. सगळी दारं उघडी, सगळ्या चुली पेटलेल्या, सगळ्यांवर भात! अंगणवाडीच्या पायऱ्यांवर चौदा लेकरं ओळीने बसलेली! बेचिराख म्हणतात काय? बघाच म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच पांढरा शर्ट घालून मी गावाबाहेर फाट्यावर उभा राहिलो. कोर्टाचा मान म्हणून मोबाईल बंद केला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण यावरून पुढे मला फार बोलणी खावी लागली.

साडेनवाच्या सुमाराला आभाळ भरून आलं. अवकाळी ढग! उन्हाचा रंग बघताबघता तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा झाला आणि वारा सुटला. त्याच वाऱ्यात दिव्यानी मॅडमची गाडी आली. गाडी फाट्यावर लावून आम्ही पायी निघालो. मी वाटेत त्यांना म्हटलं, "मॅडम, गाव पाहून तुमाले धक्का बसन!"

बसला! दोघांनाही बसला!

पहिल्या घराचं दार सताड उघडं होतं. चुलीत जाळ होता, वर भाताला उकळी आली होती. माणूस नव्हता.

"कोनी हाय काय?" मी विचारलं. झाकण तेवढं खडखडत होतं.

दुसऱ्या घरात ताट वाढलेलं होतं. भाकरीचा एक तुकडा मोडून भाजीत बुडवून तसाच ठेवलेला. तिसऱ्या घरात दोरीचा पाळणा हलत होता, आणि तो रिकामा होता. चौथं घर, पाचवं घर, सगळीकडे तेच! पंचवीस दारं उघडी, पंचवीस चुली पेटलेल्या आणि आवाज फक्त वाऱ्याचा. कुत्रंसुद्धा भुंकेना, कारण कुत्रंही नव्हतं.

"देवरावजी, लोक कुठे आहेत?"

"इथीच असतीन, मॅडम."

"केव्हापासून?"

मी घाईघाईने पुढच्या घरात डोकावलो.

तेवढ्यात एका घरात मोबाईल वाजला. आम्ही आत धावलो, तर तो थांबला. मग तो शेजारच्या घरात वाजू लागला. तिथे गेलो, तर पलीकडच्या घरात! जणू कोणी न दिसणारं माणूस आमच्या पुढे पुढे एकेका घरातून जात होतं. नाटकात भूत आलं की आम्ही हिरवा दिवा लावायचो आणि घुंगरं वाजवायचो. खऱ्या भीतीला काहीच लागत नाही हे मला त्या दिवशी समजलं.

करपल्याचा वास आला. दिव्यानी मॅडमनी फाईल माझ्या हातात दिली, एका घरात शिरल्या, ओढणीच्या टोकाने भाताचं भांडं उतरवून खाली ठेवलं आणि परत येऊन वहीत काहीतरी लिहिलं. वाऱ्याने वहीची पानं उडत होती, पण त्या लिहीत होत्या. मी फाईल कवटाळून नुसता उभा होतो.

आम्ही अंगणवाडीशी पोचलो. दाराला सील. पायऱ्यांवर चपलांचे चौदा इवले जोड ओळीने मांडलेले होते. लेकरू एकही नव्हतं.

चौदातलं एक कमी भरलं तर कोणाला सांगू, असं सत्यशीला म्हणाली होती. इथे चौदाही नव्हते! मी काय करून बसलो? वाघाने एवढी माणसं नेली असती काय? मग कोणी नेलं यांना? खरं सांगतो, रडू फुटायच्या बेतात होतो.

आणि तेव्हा गल्लीच्या टोकाला, जंगलाच्या बाजूने, ते आले.

शंभरेक जण. आणि सगळ्यांचा चेहरा एकच! तीच काळी मिशी, तेच लाल ओठ, तेच न मिटणारे डोळे. लुगडं नेसलेल्या बायांना मिशी, गुडघ्याएवढ्या लेकरांनाही मिशी! एक शब्द न बोलता, एकमेकांना चिकटून, हळूहळू ते आमच्याकडे येत होते. मी खाली पाहिलं. पाय आमच्याकडे येत होते, आणि टाचा पुढे होत्या!

उलटे पाय कोणाचे असतात हे आपल्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल!

यानंतर मी फाट्यापर्यंत कसा पोचलो ते मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं की मी दिव्यानी मॅडमच्या गाडीखाली होतो, माझ्या छातीशी कोर्टाची फाईल होती, आणि गावातून मॅडमचा आवाज येत होता. त्या मोजत होत्या! "एक... दोन... तीन..." आवाज रडवेला, पण आकडा चुकत नव्हता. कोर्टाने माणसं मोजायला सांगितली होती, आणि समोर आहेत ती माणसं की भुतं हे कोर्टाने विचारलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या पुढे कुठेतरी सुकरीआजीचा आवाज आला. "गेला व? गेला काय वाघ?"

मग म्हणे सगळे वळले. मिश्या मागे गेल्या आणि माझा हिरडटोला पुढे आला!

झालं होतं असं. आभाळ भरलं तेव्हा वेचलेला मोह गावामागच्या खळ्यावर वाळत होता. भिजला तर सगळा सडतो. एकाने हाक दिली आणि सगळं गाव होतं तसं धावलं, ताटं टाकून, लेकरं उचलून, पाळण्यातलं बाळ कडेवर घेऊन. वाघ मागून झडप घालतो, म्हणून जंगलाच्या अंगाला जायचं तर डोक्याच्या मागे मुखवटा बांधायचा, हे गावात आठवड्यापूर्वीच सुरू झालं होतं, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं. एकाच साच्यातले मुखवटे! आणि खळ्याच्या बांधावर खरंच वाघ बसलेला! त्याच्याकडे पाठ करायची नाही, ओरडायचं नाही, पळायचं नाही. म्हणून अख्खं गाव त्याच्याकडे तोंड करून पावलापावलाने मागे सरकत घरी आलं.

सत्यशीलेने मला गाडीखालून ओढून काढलं. "भाऊ, तुह्या मोबाईल काऊन बंद होता? तुले लावला, मंग कोनी घरी राह्यलं असन म्हनून घरोघरी लावला! माह्या सोडून सारे फोन घरीच!" एवढं बोलून तिला रडू आलं, आणि मग हसू आलं. चौदा लेकरं तिच्याभोवती होती. तिने ती पुन्हा एकदा मोजली. मीही मोजली.

दिव्यानी मॅडमनी करपलेला भात सगळ्यांबरोबर खाल्ला, सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि गेल्या. माझी खात्री झाली की आता सगळं बुडालं. अशा गावाबद्दल बाई काय लिहिणार?

त्यांनी सगळंच लिहिलं! घडलं तसं, अनुक्रमांक टाकून. जजसाहेबांनी अहवाल वाचला, दोनदा वाचला. गुणवंतराव सांगतात, पाचव्या परिच्छेदाशी धाकट्या जजसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. निकाल एका पानाचा लागला. 'ज्या गावात न्यायालयाच्या कमिशनरला करपणारा भात उतरवावा लागतो, ते गाव बेचिराख म्हणता येणार नाही. पंचनामा रद्द. अंगणवाडी पंधरा दिवसांत सुरू करावी.'

अंगणवाडी तेराव्या दिवशी उघडली. आता मायबाया निर्धास्त मोहाला जातात आणि लेकरं सत्यशीलेजवळ असतात.

फक्त त्या निकालपत्रात, अंगणवाडी सुरू करण्याच्या हुकमाच्या अगदी वर, अहवालातलं एक वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे. 'याचिकाकर्तीचा भाऊ देवराव हा इसम पाहणीच्या वेळी वाहनाखाली असल्याने त्याचे म्हणणे नोंदवता आले नाही.'

ते वाक्य काढता येईल का, असं मी गुणवंतरावांना विचारलं. ते म्हणाले, "वरच्या कोर्टात जाता येते. पन तुमी गाडीखाली नव्हते, असं शपथपत्र द्यावं लागन."

सत्यशीलेने ते पान काचेत मढवून अंगणवाडीच्या दाराशी लावलं आहे. कोणीही साहेब चौकशीला आला की ती आधी त्याला ते वाचायला लावते, मोठ्याने. मी एकदा म्हटलं, हे पान काढून टाकू या का? ती म्हणाली, "काढ. मंग गाव हाय म्हनून कोनता कागद दाखवू?"

तेव्हापासून साहेब यायचा असला की मी हिरडटोल्याला जात नाही.