नर्सबाईंची मशेरी

लीलाबाईंचा मशेरीचा डबा नेमका तोंडाच्या तपासणी-शिबिराच्या दिवशी सकाळी रिकामा निघाला. त्यांनी तळाला बोट फिरवलं, डबा हातावर आपटला, पण चिमूटभरही पडली नाही. निमगाव केतकीच्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या आणि गावातल्या बायकांची मशेरी सोडवायचा त्यांनी विडाच उचलला होता. रोज दुपारी घरोघर जाऊन त्या तोंडाच्या कॅन्सरवर बोलत. आणि रोज सकाळी उपकेंद्रामागच्या आपल्या खोलीत, दाराला कडी लावून, स्वतः मशेरी घासत. त्याशिवाय त्यांचा दिवस उजाडतच नसे, त्याला त्या तरी काय करणार?

"आज न्हाय लावली तर मरतीस का?" त्यांचे यजमान सर्जेराव म्हणाले.

"मरत नाही, पण माझे हातपाय चालत नाहीत. आणि आज ठमाबाईंना डॉक्टरांपुढे खुर्चीत बसवायचंच आहे."

ठमाबाईंच्या गालात जखम होती. दिवाळी होऊन गेली तरी ती भरत नव्हती आणि लीलाबाईंना तिची खरोखर धास्ती होती. त्या हात धुऊन मागे लागल्या, तेव्हा कुठे ठमाबाई कबूल झाल्या होत्या, तेही बजावून. "तुमी सोता लावत न्हाय, म्हनून तुमचं ऐकते. न्हायतर डाक्टरफुडं तोंड उघडायची न्हाय मी."

म्हणून लीलाबाईंनी गुपचूप खिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली आणि स्टोव्हवर तवा ठेवून तंबाखू भाजायला घेतली. मशेरी भाजतानाचा धूर माणसाला घरात टिकू देत नाही. सर्जेरावांचा जीव घुसमटला आणि त्यांनी मागचापुढचा विचार न करता दार सताड उघडलं. धूर थेट उपकेंद्राच्या ओसरीवर गेला. तिथे तपासणीसाठी बायका येऊन बसल्या होत्या.

एक शिंकली, तिच्यामागे दुसरी, मग अख्खी रांग.

"मिरच्या भाजतोय, मिरच्या!" सर्जेराव ओरडले.

तेवढ्यात इंदापूरहून डॉक्टरांची जीप आली. डॉक्टर नवे होते, तरुण होते आणि उत्साह दांडगा. खोकणाऱ्या, डोळे पुसणाऱ्या एवढ्या बायका पाहून त्यांनी तोंडाला रुमाल बांधला.

"ही साथ दिसतेय! कुणी घरी जायचं नाही. सगळ्यांची थुंकी घ्या. टीबी निघाला तर सगळ्यांना इंदापूरला हलवू."

टीबी म्हटल्यावर बायका उठल्याच. कुणी चपला शोधायलाही थांबेना. ठमाबाई तर सगळ्यांच्या पुढे, फाटकापाशी. "गाल दाखवाया आले अन् टीबी घिऊन जाऊ व्हय?"

लीलाबाईंनी दारातून ते पाहिलं. गप्प बसल्या तर अब्रू वाचत होती. पण ठमाबाई आज गेल्या तर पुन्हा येणार नव्हत्या. लीलाबाईंनी पदराने तवा धरला आणि तशाच बाहेर आल्या.

"साथ नाही, डॉक्टर. माझी मशेरी आहे."

ठमाबाई कमरेवर हात ठेवून वळल्या. "अन् आमाला शानपन शिकवता व्हय? तुमीच लावता, मंग मी कशापायी तोंड दाखवू?"

सर्जेराव मध्ये पडले. "मास्तरची पोरं नापास व्हत न्हाईत का? म्हनून काय शाळा बंद करायची?"

"तुमी तर बोलूच नगा, मिरचीवालं!"

"ठमाबाई, मी लावते," लीलाबाई म्हणाल्या. "सुटत नाही म्हणून लावते, लाज वाटते म्हणून लपवते. त्यानं तुमची जखम खोटी होत नाही. डॉक्टर, आधी माझं तोंड बघा."

तवा खाली ठेवून त्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि गाल आतून बोटाने चाचपला.

"सिस्टर, गालात पांढरा चट्टा आहे. आजपासून बंद केलीत तर जायची आशा आहे. नाही केलीत तर काय होतं, ते तुम्हीच गावाला सांगता."

लीलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ते पाहून ठमाबाई फाटकातून परतल्या आणि कुणी न बोलावता खुर्चीत बसल्या. त्यांच्या गालाला मोडक्या दाढेचं टोक घासत होतं. दाढ काढली की जखम भरेल, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाईंच्या दाराची कडी वाजली. दारात ठमाबाई.

"नर्सबाई, आ करा."

लीलाबाईंनी निमूटपणे आ केला. ठमाबाईंनी वास घेतला, मान डोलावली आणि गेल्या. मग रोजचंच झालं. शेवटी एक दिवस लीलाबाई वैतागल्या. "माझ्यावर एवढा पहारा ठेवता, पण तुमच्या मशेरीचं काय?"

"ती कवाच सोडली," ठमाबाई म्हणाल्या. "माझंच तोंड वास मारत असलं, तर तुमचं कळायचं कसं? हं, करा आ."