कोरडं चाक

उकंडरावांचा एकच मंत्र होता, वाळलं ते टिकलं. देऊळघाटात मिरची सगळेच वाळवत, पण उकंडरावांची मिरची हलवली की वाजायची. त्यांचं बियाणं पाच वर्षांनीही उगवायचं, कुरडया दोन पावसाळे काढायच्या. स्वतः उकंडरावही तसेच खडखडीत. त्यांना हसताना किंवा रडताना पाहिलेला माणूस गावात नव्हता. त्रेसष्ट सालच्या वैशाखात त्यांनी बैलबंडीही महिनाभर उन्हात उभी केली.

"अवो, निंघायच्या आंधी चाकाईले पानी पाजा," त्यांची बायको मंजुळाबाई म्हणाल्या. "लाकूड आकसलं असन."

"पान्यानं लाकूड सडते." विषय संपला.

लेकीसाठी, शालूसाठी, ते दोघं मोताळ्याला घर पाहायला निघाले होते. आधीची पाच स्थळं मोडली होती. या मुलाच्या मामानं शालूला पसंत केलं होतं, आता बाप अर्जुनराव हो म्हणायचे तेवढे राहिले होते. कुरडयांची टोपली मांडीवर धरून मंजुळाबाई देवाचं नाव घेत बसल्या.

मोताळा मैलभर राहिलं आणि उजव्या चाकावरची लोखंडी पट्टी, धाव, निसटली. ती खणखणत बांध उतरली, एका मळ्यातल्या हौदाला जाऊन टेकली. बंडी एका कुशीवर बसली.

मळेवाला धावत आला. त्यानं चाक काढलं, धाव पुन्हा चढवली आणि चाक हौदात बुडवलं.

"फुगाले दोन घंटे लागतीन. कोन्या येड्याची हाय हो ही बंडी? चाकाले थेंब दावला नाही!"

उकंडराव जन्मात खोटं बोलले नव्हते. आज शरमेनं बोलले. "देऊळघाटच्या उकंडरावची. मांगून आनली."

"उकंडराव?" मळेवाला चपापला. "ते तं आज माह्याच घरी येऊन राह्यले, पोरीची सोयरीक घेऊन! म्हनून मी सकाळीच पानी द्याले आलो." चाकाकडं पाहत तो पुटपुटला, "ज्याले लाकडाची तहान समजत नाही, त्याच्या घरची पोरगी कशी करावं?"

म्हणजे हेच अर्जुनराव, उकंडरावांच्या लक्षात आलं. सहावं स्थळही गेलं.

मंजुळाबाईंनी पदर सावरला. "खरं हाय भाऊ. मानूस लई कोरडा. पन पोरगी मायवर गेली."

"तुमाले काय ठावं?"

"मीच तिची माय."

अर्जुनरावांनी हळूच उकंडरावांकडं पाहिलं. "आन् हे?"

"मीच तो येडा," उकंडराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. मंजुळाबाई पाहतच राहिल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

अर्जुनरावांनी खांद्यावरचं उपरणं झाडून हौदाच्या काठावर अंथरलं, आणि व्याही म्हणूनच हाक मारली.

"बसा, इवाई. चाक फुगेपर्यंत बोलून घेऊ."

उकंडराव बसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं बादली भरली आणि डाव्या चाकावर ओतली.