पाठकसाहेबांनी मोजलेलं जंगल

पाठकसाहेब आमच्याकडे चहाला आले, की चपला काढायच्या आधी खिशातून टेप काढून आमच्या दाराची रुंदी मोजत. तेच दार, तीच चौकट. टाउनशिपमधलं क्वार्टर ते, दर रविवारी थोडंच आखडणार? पण नाही! "बोरकर, मोजलेलं बरं," असं म्हणून आकडा वहीत टिपायचे आणि मगच आत यायचे.

नोकरीच तशी होती म्हणा. आमचा कारखाना घराएवढे ट्रान्सफॉर्मर बनवायचा, आणि ते ट्रेलरवर चढवून चार राज्यांपलीकडे पोचवायचं काम पाठकसाहेबांच्या सेक्शनकडे. माल निघायच्या महिनाभर आधी हा माणूस जीपने सगळा रस्ता पालथा घालायचा. पूल किती वजन पेलेल, विजेची तार किती उंच, वळणावरची कडुलिंबाची फांदी आड येईल का, सगळं टिपून आणायचा. ह्याला म्हणायचं रूट सर्व्हे. नोकरी आठ तासांची, साहेबांचा सर्व्हे मात्र चोवीस तास चालू.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न सोनागिरीच्या एका हॉलमध्ये होतं. आदल्या दिवशी साहेब जाऊन फाटक मोजून आले. "घोडी, वर नवरदेव, वर फेटा, त्याच्यावर तुरा. क्लिअरन्स दोन इंच कमी पडतो. तुरा काढा." मी म्हटलं, "साहेब, तो नवरदेव आहे, ट्रान्सफॉर्मर नाही." दुसऱ्या दिवशी बँड ऐन रंगात असताना तुरा लाइटच्या माळेत अडकला. घोडी पुढे गेली आणि फेटा मागे लोंबकळत राहिला. साहेब हसले नाहीत, नुसती माझ्याकडे बघून मान हलवली. असा राग आला म्हणून सांगू!

अशा माणसाची बायको सुमनवहिनी. बोलक्या, हसऱ्या. बिट्टन मार्केटला स्वतः जाऊन, भाजीवाल्याशी भांडून वांगी निवडून आणणाऱ्या. पुढे संधिवाताने पाय गेले आणि चाकांची खुर्ची आली. तरी फिरणं थांबलं नव्हतं. ते थांबलं हबीबगंज स्टेशनवर. पुण्याला भाच्याच्या मुंजीला निघाले होते. गाडी थांबणार दोन मिनिटं. साहेबांनी दोन हमाल ठरवले आणि कारखान्यातल्या सवयीने हात वर करून हुकूम सोडला, "उठाओ!" एकाची पकड सुटली, खुर्ची कलंडली. लागलं काही नाही, पण पदर कुठे, पाय कुठे, आणि अख्खा प्लॅटफॉर्म बघतोय. वहिनी तिथूनच घरी परतल्या. त्यानंतर चार वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नाही.

एकदा माझी मुलं मढईच्या जंगलाचे फोटो त्यांना दाखवत होती. सातपुड्यातलं नॅशनल पार्क ते, हरणं, अस्वलं, मोठी नदी. वहिनी फोटो हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "एकदा बघायचं होतं हो. पण मला कुणी उचलायचं नाही. तसं जमत असेल तर येते."

झालं! साहेब त्याच दिवशी कामाला लागले. क्वार्टरच्या दारापासून जंगलापर्यंत कुठेही खुर्ची न उचलता वहिनींना न्यायचं. रेल्वे रद्द, डब्याच्या पायऱ्या आड येतात. मोठी व्हॅन ठरवली, चढायला फळी करून घेतली. पण मढईला मध्ये नदी आहे. व्हॅन अलीकडे ठेवायची, होडीने पलीकडे जायचं आणि मग जंगलात फिरायला उघडी जिप्सी. म्हणजे अडचणी तीन! पाच शनिवार साहेब एकटे बसने सोहागपूर गाठून तिकडे जात राहिले. कॉलनीत हसं झालं. "पाठकसाहेब वाघाची मापं घ्यायला गेलेत," असं पहिल्यांदा मीच म्हणालो, खोटं कशाला बोला.

पण डोकं बघा! जिप्सीचा तळ जमिनीपासून चांगला अडीच फूट उंच. साहेबांना पलीकडच्या काठावर तेवढ्याच उंचीचा मातीचा बांध सापडला. जिप्सी उलटी आणून बांधाला टेकवायची, मागची सीट काढायची, खुर्ची सरळ आत. कारखान्यात ट्रक भरतात, अगदी तसं. होडीसाठी वेगळी लांब फळी केली. तिला रबर ठोकलं, कडा घासल्या. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवून बघितला आणि मग नवी साडी काढली.

चैत्रात निघालो. सोबत म्हणून मीही होतो. व्हॅनपर्यंत सगळं इंचाइंचाने जमलं. नदीवर पोचलो आणि साहेब थबकले. माघात मोजलेलं पाणी उन्हाने खूप खाली गेलं होतं. होडीही खाली गेली होती, आणि फळी लावली तर घसरगुंडीच झाली. जन्मभर पूल मोजणाऱ्या माणसाला नदी उतरते हे सुचलंच नव्हतं! साहेबांनी तीनदा मोजलं. मग वहिनींजवळ येऊन म्हणाले, "सुमन, चुकलं माझं. परत जाऊ. तुला शब्द दिलाय."

वहिनी पलीकडे बघत होत्या. तिथे चितळांचा कळप पाण्यावर आला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या 'चला परत' म्हणाल्या.

तेवढ्यात म्हातारा नावाडी बोलला, "अरे साहब, इतना क्या सोचना? आप तो खुद बैठे थे! चायवाले की कुर्सी में बैठकर हमसे चार बार उठवाया था."

साहेबांनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण तो कसला थांबतोय! "बहनजी, साहब आँख मींच के बैठे थे। मेरी कमीज़ ऐसी पकड़ी कि बटन टूट गया।"

वहिनींनी वळून नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बसला होतात? कशाला? मी तर उचलायचं नाही म्हणाले होते."

"तू का नको म्हणतेस, ते कळेना म्हणून."

"मग? कळलं?"

"जीव घाबरा होतो गं," साहेब म्हणाले. "पाय जमिनीवरून सुटले की आपल्या हातात काहीच राहत नाही. आणि हबीबगंजला मी तुला विचारलंसुद्धा नाही. सरळ त्यांना हुकूम दिला."

माझी पंचाईत, तिथे थांबावं की सरकावं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मग आता विचारा."

साहेबांनी हळूच विचारलं, "उचलू द्यायचं का, सुमन?"

"द्या. पण तुम्ही समोर राहा. मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

दोन नावाड्यांनी खुर्ची उचलली. फळीवर चौथ्या माणसाला जागा नव्हती. साहेब पॉलिश केलेल्या बुटांसकट सरळ नदीत उतरले आणि वहिनींकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालायला लागले. "अहो, जपून! पडाल!" वहिनी वरून ओरडत होत्या आणि हसत होत्या. पाणी साहेबांच्या गुडघ्यांवर आलं, कमरेला लागलं, पण खुर्ची होडीत टेकेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.