शेप्याचं पान

शेजारच्या विजयाताईंच्या फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांचं दुधाचं पातेलं आमच्या फ्रीजमध्ये असतं. त्यांच्या फ्रीजमध्ये काय असतं? पानं. तीसुद्धा अळूची किंवा मेथीची नव्हेत, आंब्याची. छोट्या छोट्या पिशव्यांत वाळवून ठेवलेली, आणि प्रत्येक पिशवीवर झाडाच्या मालकाचं नाव. शकीलभाई गादीवाले, पाटील गोठ्यामागं, जाधव वहिनी. आमच्या अख्ख्या कळंबा गावाची हजेरी. एकदा बर्फ आणायला म्हणून मी आत हात घातला, तर हाताला आमचे मेहुणे लागले.

बाई एकट्याच राहतात. डॉक्टर आहेत, पण झाडांच्या. ऊस आणि फळझाडांच्या प्रयोगशाळेत त्या पानं वाटून त्यातला डीएनए काढतात आणि त्याच्या खुणा ताडून कुठलं झाड कुठल्या झाडाचं ते सांगतात. आता हे काम संध्याकाळी ऑफिसात ठेवून माणसानं घरी यावं की नाही? यांचं खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. माझ्या बायकोला त्यांनी बहीण मानलंय, म्हणून मी त्यांचा दाजी. दाजी होऊन काय काय सोसावं लागतं ते माझं मला माहीत.

माणसाच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. कुणी म्हणालं, आमचा पायरी आहे, की यांचं उत्तर ठरलेलं: "पान सांगंल की." शिरोलीच्या वाटेवर एक रोपवाला बसतो. त्याच्याकडचं पान त्यांनी नेलं आणि महिन्याभरानं मुद्दाम जाऊन त्याला सांगितलं की बाबा, तुझा केसर काही केसर नव्हे. तेव्हापासून यांची स्कूटर लांबून दिसली की तो बिचारा चहाला निघून जातो.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं चाललीत, सगळे अक्षता टाकतायत, आणि या बाई खुर्चीवर चढून तोरणाचं पान तोडतायत. मुलीकडच्या एका मावशींनी ते बघितलं आणि करणीचा संशय घेऊन बसल्या. त्यांचे यजमान माझ्या कानाशी आले. "पावणं, ही बाई तुमच्यातली हाय काय?" मी न्हाय म्हणून मोकळा झालो. पुढं पंगतीत विजयाताई त्या मावशींच्याच शेजारी बसल्या आणि मठ्ठ्याच्या वाटीवर त्यांना डीएनए समजावला. निघताना मावशींनी आपल्या परड्यातल्या आंब्याचं पान पाठवायचं कबूल केलं होतं.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. आमच्याही दारात आंबा आहे, पण त्याचं पान बाईंनी कधी तोडलं नाही. घर घेतलं तेव्हाच तो होता, आणि जुना मालक सांगायचा की हे हातकणंगल्याकडचं कलम आहे. जात शेप्या. म्हणजे आंब्याला शेपूचा वास. खायचा आंबा आणि ढेकर भाजीची, आमच्याकडं त्याला कोणी विचारत नाही. विजयाताई तेवढ्या रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या बुंध्याशी बसतात. मे महिन्यात पडलेला एखादा आंबा चोखतात आणि गप्प होतात. या बाई गप्प होतात, हेच मोठं नवल. एकदा मी चिडून म्हणालो, गावभर पानं ओरबाडता, आमच्याच झाडानं काय पाप केलंय? तर म्हणाल्या, "तुमचं ऱ्हाऊ दे, दाजी."

यंदा आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. गाडीला शेड हवी, आणि शेडला झाड आडवं येत होतं. परवानगी निघाली, तोडणारा ठरला. सकाळी दूध ठेवायला विजयाताई आल्या तेव्हा बायकोनं त्यांना हे सांगितलं. पातेलं ओट्यावर तसंच ठेवून त्या बाहेर आल्या आणि झाडाच्या बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या.

"दाजी, थोडं थांबता काय? मला ह्याचं पान बघायचंय."

मग सगळं बाहेर आलं. हातकणंगल्याला त्यांच्या आईनं लावलेला शेप्या होता. आई मागेल त्याला कलमाच्या काड्या द्यायची, खाऊन कोय लावा म्हणून आंबेही द्यायची. आई गेली, आणि नंतर रस्ता रुंद करताना झाडही गेलं. तोडायच्या आधी ताईंनी त्याचं एक पान घेऊन ठेवलं. एवढी पिशव्यांची जत्रा भरवली ती त्या एका पानाला जोड शोधायला.

मी विचारलं, मग आमचं झाड सगळ्यात आधी का नाही बघितलं?

"न्हाय निघालं असतं तर? मग मी रोज बसायचं कुठं?"

मी तोडणाऱ्याला फोन करून थांबवलं. खोटं कशाला सांगू, त्यानंतर माझंच चित्त ठिकाणावर नव्हतं. ज्या झाडाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच्याकडं येता-जाता बघायला लागलो. बायकोनं तर देवाजवळ साखर ठेवली.

एका संध्याकाळी स्कूटर दारात थांबली. ताई हेल्मेट न काढताच आत आल्या.

"कलम न्हाय," त्या म्हणाल्या. कलम असतं तर सगळ्या खुणा जुळल्या असत्या.

बायकोनं त्यांचा हात धरला. तेव्हा त्या पुढचं बोलल्या. झाड कोयीचं आहे, आईच्याच आंब्याच्या कोयीचं. खुणा जोडीजोडीनं असतात, आणि इथं प्रत्येक जोडीतली एक खूण आईच्या झाडाची, दुसरी कुठल्या तरी परक्या झाडाची. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

मी आपला धीर द्यायला म्हणालो, अर्धं तर अर्धं, ताई, तेही काही कमी नाही.

हेल्मेटच्या आत त्या रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. "अवो दाजी, मी तरी आईची किती हाय? अर्धीच की. बहीण हाय ती माझी."

बायको रडायला लागली. मी म्हणालो, म्हणजे या झाडाचाही मी दाजीच झालो की. मग कुठं तिघंही हसलो.

गाडी आता रस्त्यावर उभी असते. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ताईंनी फ्रीज धुतला, आणि सगळ्या पिशव्या प्रयोगशाळेत नेऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पातेलं आमच्याकडं आलंच नाही. बायकोला उगीच चुकल्यासारखं झालं, ती दोनदा कुंपणाशी जाऊन आली. संध्याकाळी ताई आल्या, बुंध्याशी बसल्या, आणि येताना चहाचे दोन कप आणले होते, एक आपला, एक माझ्या बायकोचा.